चौकट : रकाना भरला, पण कशाने?

यवतमाळसह विदर्भ-मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांत आरोग्य विभागाने २०१५ मध्ये 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. आशाताई घरोघरी प्रश्नावली भरून घेतात आणि ताणाखाली दिसणाऱ्या शेतकऱ्याला समुपदेशकाकडे पाठवतात. अशा कामाच्या अहवालात भेटी, शिबिरे, समुपदेशने हे रकाने पटापट भरतात. माणूस बरा झाला का, हे कळायला मात्र त्याच उंबऱ्यावर पुन्हा जावे लागते.

तसे जाऊन पाहिल्याचे उदाहरण शेजारच्या अमरावती जिल्ह्यात आहे. टाटा ट्रस्टच्या अनुदानातून ३० गावांत 'विश्राम' उपक्रम चालला. तिथे १८ महिन्यांच्या अंतराने दोन पाहण्या झाल्या. नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणारे ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट सायकियाट्री'त छापून आले. आकडा सहापट वाढला खरा. पण दर चारांतले जवळजवळ तिघे मदतीबाहेरच होते, हेही त्याच आकड्यात दिसते. अहवाल असा असावा!

सरकारी दप्तरातला 'पात्र-अपात्र' हा हिशेब वेगळाच. तो शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर कुटुंबाला मिळणाऱ्या एक लाखाच्या मदतीचा. त्यावरून समुपदेशनाचे यश जोखू नये.

मदत मागताना धास्ती असते ती पोलिसांची. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती, असे २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा गृहीत धरतो. आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारे भारतीय दंड संहितेतले जुने कलम ३०९ तर १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत उरलेलेच नाही. तेव्हा मदत मागायला कचरू नका : मानसिक आरोग्याची दूरध्वनी मदतवाहिनी टेली-मानस, १४४१६, चोवीस तास, मोफत.