ताजची जुनी वास्तू पुन्हा उभी राहिली

लातूर-मुंबई एक्सप्रेसने धाराशिवहून मुंबईला आलेले कुटुंब गेटवे ऑफ इंडिया पाहायला गेले की फोटोत मागे ताजमहाल हॉटेल येतेच. तिथे राहणे परवडणारे थोडे. पण नोव्हेंबर २००८ मध्ये त्या घुमटाखालून निघणारा धूर टीव्हीवर पाहताना गावोगावचे लोक हळहळले होते.

गेटवे १९२४ चे, ताज त्याहून जुने: १६ डिसेंबर १९०३ चे. जमशेटजी टाटांच्या या हॉटेलचा मूळ आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. वैद्य काम पुरे होण्याआधीच वारले आणि डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी ते तडीस नेले. इमारत उलटी बांधली गेली म्हणून आर्किटेक्टने जीव दिला, ही कथा मात्र निव्वळ दंतकथा. पूर्वी मुख्य दार शहराच्या बाजूला होते, त्यावरून ती रचली गेली असावी. वैद्यांसारख्या गुणी मराठी माणसाचे नाव अशा कथेखाली झाकले जावे, हे फार वाईट.

२६ नोव्हेंबरच्या दहशतवादी हल्ल्यात ताजमध्ये ३१ जणांचा बळी गेला. व्यवस्थापक करमबीर कांग यांची पत्नी आणि दोन मुले सहाव्या मजल्यावर मृत्युमुखी पडली, तरी ते पाहुण्यांच्या सुटकेसाठी झटत राहिले.

ताजचाच शेजारचा १९७३ चा टॉवर महिन्याच्या आत, २१ डिसेंबरला पुन्हा सुरू झाला. जुन्या वास्तूला मात्र १५ ऑगस्ट २०१० उजाडावा लागला. आगीने वरचे मजले जळाले होते, विझवायला मारलेले पाणी खालपर्यंत मुरले होते. सगळे पाडून नवे बांधणे सोपे गेले असते. त्याऐवजी जुना जिना, कमानी, नक्षी मूळ रूपात आणायची ठरली. काजळी धरलेली चित्रे तज्ज्ञांकडून साफ करून घेतली. त्या चिकाटीचे मोल मोठे आहे.

बस्तरचे धातुशिल्पकार जयदेव बघेल यांचे हॉटेलमधले ‘ट्री ऑफ लाइफ’ हे शिल्प आगीतून वाचले. आज ते ३१ नावांच्या स्मारकापाशी उभे आहे.

हॉटेल बंद असतानाही कर्मचाऱ्यांचे पगार चालू होते. डिसेंबर २००८ मध्येच ‘ताज पब्लिक सर्व्हिस वेल्फेअर ट्रस्ट’ स्थापन झाला आणि हॉटेलशी काहीही संबंध नसलेल्या, शहरात इतरत्र हल्ल्याची झळ बसलेल्या कुटुंबांपर्यंतही टाटांची मदत पोहोचली.