फुकटात मॅच बघायला मिळते म्हणे? स्पोर्ट्स डेस्कवरच्या इंटर्नचा दिवस खरंच कसा जातो

इन्स्टावर तुम्ही अशी रील पाहिलीच असेल. गळ्यात मीडियाचं कार्ड, मागं हिरवंगार स्टेडियम आणि कॅप्शन, ‘ऑफिसमधला एक दिवस’. खाली कमेंटमध्ये पोरं विचारत असतात, भावा, हा जॉब मिळतो कुठं?

तर विषय असा आहे, की मास कॉम करणारी बरीच मुलं-मुली हेच चित्र डोळ्यांसमोर ठेवून स्पोर्ट्स निवडतात. लातूर, सांगली, जळगावातून बॅग भरून मुंबई-पुण्याला येतात. पहिल्या आठवड्यातच कळतं, की स्टेडियम लांबच आहे. मोठ्या स्पर्धेची कार्डं मोजकी असतात आणि ती आधी सीनियर लोकांकडे जातात. इंटर्नच्या वाट्याला येतो एक कॉम्प्युटर, आवाज बंद केलेला टीव्ही आणि स्कोअरची साइट.

आणि सगळ्यात आधी बदलतं ते घड्याळ.

भारताची टेस्ट इंग्लंडमध्ये असेल तर खेळ आपल्या दुपारी साडेतीनला सुरू होतो. वेस्ट इंडिजमध्ये असेल तर संध्याकाळी साडेसातला, म्हणजे स्टम्प्स मध्यरात्र उलटून गेल्यावर. मेलबर्नची बॉक्सिंग डे टेस्ट पहाटे पाचला. चॅम्पियन्स लीगच्या बहुतेक मॅचेस रात्री साडेबारा किंवा दीडला, कारण युरोपात घड्याळं वर्षातून दोनदा पुढं-मागं होतात. आयपीएल साडेसातला सुरू होते आणि साडेअकराच्या आसपास संपते. इंटर्नची शिफ्ट यातल्या कशाला तरी चिकटलेली असते. रविवार हा सुट्टीचा वार असतो हे तो विसरून जातो, कारण रविवारी दोन-दोन मॅचेस असतात.

मग तो करतो काय?

लोकांना वाटतं मॅच बघतो आणि लिहितो. प्रत्यक्षात मॅच बघायला वेळच नसतो. टॉस झाला की दोन मिनिटांत बातमी, प्लेइंग इलेव्हन, मग दर ओव्हरला लाइव्ह अपडेट. मध्येच पीटीआयची कॉपी येते, ती मराठीत करायची. ‘मॅच किती वाजता, कुठं बघाल’ ही बातमी तर रोजचीच. तुम्ही आम्ही तिला हसतो, पण सर्चवरून लोक येतात ते तिच्यावरच. मॅचची क्लिप उचलून रील करता येत नाही. प्रक्षेपणाचे हक्क दुसऱ्याचे असतात, कॉपीराइटचा दणका बसतो. म्हणून फोटो आणि ग्राफिकवर भागवायचं.

खरी मजा शेवटच्या ओव्हर्समध्ये असते. तेव्हा दोन कॉप्या तयार ठेवाव्या लागतात, एक जिंकल्याची, एक हरल्याची. २९ जून २०२४ आठवा. टी-२० वर्ल्डकपची फायनल, दक्षिण आफ्रिकेला ३० बॉलमध्ये ३० रन्स हव्यात आणि सहा विकेट्स हातात. त्या वेळी कुणाची कुठली कॉपी जास्त पॉलिश झाली असेल याचा अंदाज तुम्हीच करा. भारत ७ रन्सनी जिंकला. अशा वेळी इंटर्नला ओरडायला मिळत नाही, कारण बोटं कीबोर्डवर असतात. एका क्लिकच्या चुकीनं भारत हरल्याची बातमी सगळ्यांच्या फोनवर नोटिफिकेशन बनून जाऊ शकते.

दुसरी कसरत भाषेची. मराठीत षटकार, पायचीत, त्रिफळाचीत, यष्टिरक्षक, निर्धाव षटक असे एक से एक शब्द आहेत. पेपरात ते टिकून आहेत, वेबसाइटवर मात्र हेडिंगमध्ये ‘सिक्स’ आणि ‘विकेट’ लागतं, कारण लोक तेच टाइप करून शोधतात. इंटर्न दिवसभर या दोन मराठींमध्ये ये-जा करतो. त्यात परदेशी नावं. ड्यू प्लेसी की डू प्लेसिस, अल्काराझ की अल्कारेझ? स्वियातेक लिहायचं की श्विऑनटेक, यावर डेस्कवर अर्धा तास वाद होऊ शकतो. माझं मत विचाराल तर एकच स्पेलिंग ठरवून भिंतीवर चिकटवावं आणि झोपायला जावं. पण झोपायला जायचं कुठं, हा पुढचा प्रश्न.

कॉट, डबा आणि शेवटची लोकल

बाहेरगावचा इंटर्न फ्लॅट घेत नाही, कॉट बेसिसवर राहतो. एका खोलीत चार-पाच जण, स्पर्धा परीक्षावाला पहाटे उठणारा, आयटीवाला रात्री कॉलवर, आणि हा मधल्याच कुठल्या तरी वेळी दार वाजवणारा. घरमालकाला ‘काम रात्री संपतं’ हे समजावणं हीच पहिली मुलाखत असते. मुलींसाठी ती जास्त अवघड. बऱ्याच पीजी आणि हॉस्टेलचं गेट दहाला बंद होतं आणि आयपीएलची दुसरी इनिंगच साडेनऊच्या सुमारास सुरू होते. चांगलं काम करणाऱ्या मुली सकाळची शिफ्ट मागतात आणि मग ‘मोठ्या मॅचला नसते’ असा शेरा मिळवतात. हा प्रश्न गेटचा आहे, आवडीचा नाही.

मुंबईत लोकल साधारण एक ते चार झोपलेली असते. साडेअकराला मॅच संपली, रिपोर्ट, पॉइंट्स टेबल, ऑरेंज कॅप अपडेट करून निघेपर्यंत सव्वाबारा. शेवटची गाडी पकडली तर ठीक, नाहीतर रिक्षात दिवसभराचा खर्च जातो किंवा ऑफिसच्या सोफ्यावर पहिली लोकल सुटायची वाट बघावी लागते. विद्यार्थी सवलतीचा पास घर ते कॉलेज या मार्गासाठी असतो. कॉलेज कोल्हापुरात आणि इंटर्नशिप लोअर परळला, म्हणजे पास पूर्ण दराचा.

पुण्यात गाडीची चिंता कमी, जेवणाची जास्त. मेस रात्री साडेनऊ-दहाला आवरते आणि रविवारी संध्याकाळी बंद. वर सांगितलंच, रविवारी दोन मॅचेस असतात. उरतं वडापाव, मॅगी नाहीतर भुर्जीची गाडी. आईचा फोन येतो, ‘जेवलास का?’ त्यावर ‘हो’ सोडून दुसरं उत्तर देणारा इंटर्न मी अजून पाहिला नाही.

पैशाचं काय?

इथं मेन मुद्दा आहे. काही ठिकाणी स्टायपेंड मिळतो, काही ठिकाणी फक्त सर्टिफिकेट. अ‍ॅप्रेंटिस अ‍ॅक्ट, १९६१ खाली करार झालेल्या शिकाऊ उमेदवाराला ठरलेलं किमान विद्यावेतन द्यावंच लागतं. पण कॉलेजचं पत्र घेऊन आलेला इंटर्न बहुतेक वेळा या चौकटीत नसतो. तुलनेसाठी बघा, महाराष्ट्र सरकारनं २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना आणली, तेव्हा पदवीधराला महिना १०,००० रुपये ठरवले. केंद्राच्या पीएम इंटर्नशिप योजनेत सुरुवातीला महिना ५,००० होते. म्हणजे शिकणाऱ्याला पैसे द्यायचे असतात, हे सरकारही मानतं.

बिनपगारी तीन-सहा महिने काढतो कोण? ज्याचं घर याच शहरात आहे किंवा ज्याच्या घरून पैसे येतात. बाकीचे एकेक करून कंटेंटच्या दुसऱ्या नोकऱ्यांत जातात, गावी परततात. नुकसान त्यांचं होतंच, पण डेस्कचंही होतं. १ ऑगस्ट २०२४ ला स्वप्निल कुसाळेनं पॅरिसमध्ये नेमबाजीत ब्राँझ जिंकलं. हेलसिंकीत १९५२ ला खाशाबा जाधवांनी जिंकल्यानंतर महाराष्ट्राला मिळालेलं हे पहिलंच वैयक्तिक ऑलिंपिक मेडल. स्वप्निल राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, खाशाबा कराडजवळच्या गोळेश्वरचे. स्टीपलचेसची फायनल गाठणारा अविनाश साबळे बीडच्या मांडव्याचा. अशा दिवशी डेस्कवर राधानगरीत कुणाला तरी फोन लावू शकणारा, तालमीची भाषा कळणारा माणूस हवा असतो. नेमकी तीच पोरं खोलीभाड्यापायी निघून जातात.

तरी जायचंच असेल, तर आधी थेट विचारा. स्टायपेंड किती आणि कुठल्या तारखेला? रात्रीच्या शिफ्टला ड्रॉप आहे का? बायलाइन, म्हणजे बातमीवर तुमचं नाव लागेल का? आठवड्याची सुट्टी ठरलेली आहे का? उत्तर फोनवर मिळालं तरी मेलवर मागा. आणि मोठ्या मॅचच्या मोहात मैदानं सोडू नका. पावसाळ्यात कांगा लीग, आझाद मैदानावर हॅरिस शील्ड, प्रभादेवी-लालबागकडची कबड्डी, इथं कार्ड लागत नाही. २०१६ च्या जानेवारीत कल्याणमध्ये प्रणव धनावडे या शाळकरी पोरानं नाबाद १००९ केले, ते शालेय स्पर्धेतल्या मॅचमध्ये. अशा मैदानावर स्कोअररशी ओळख काढा, त्याच्यासाठी एक कटिंग सांगा आणि नंबर घेऊन ठेवा.