अवर्षणप्रवण भागातील कौटुंबिक आहारखर्चाचे नियोजन : वडूज परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

कुटुंबाच्या एकूण खर्चात अन्नावरील खर्च हा सर्वांत मोठा आणि सर्वांत लवचीक खर्च होय. मुलांचे शुल्क, विजेचे बिल किंवा सोसायटीच्या कर्जाचा हप्ता ठरलेल्या तारखेस भरावाच लागतो. ताटातील वाटी मात्र कोणताही बोभाटा न होता लहान करता येते. त्यामुळे घरखर्चाला ओढ लागली की काटकसरीचा पहिला घाव स्वयंपाकघरावर पडतो. तो नेमका कोणत्या पदार्थावर आणि कोणाच्या ताटावर पडतो, हा प्रश्न आर्थिक आहे, तसाच आरोग्याचाही आहे. प्रस्तुत लेखात सातारा जिल्ह्यातील वडूज परिसराच्या संदर्भात या प्रश्नाचे विवेचन केले आहे.

जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्ये एक सिद्धान्त मांडला. कुटुंबाचे उत्पन्न जसजसे वाढते, तसतसे अन्नावरील खर्चाचे एकूण खर्चाशी असलेले प्रमाण घटत जाते, असा त्याचा आशय आहे. भारतातील ग्रामीण कुटुंबांचा अनुभव स्थूलमानाने असाच आहे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणानुसार १९९९-२००० मध्ये ग्रामीण कुटुंबाच्या खर्चातील सुमारे ५९ टक्के वाटा अन्नाचा होता. २०२३-२४ मध्ये तो सुमारे ४७ टक्के झाला. याच काळात तृणधान्यांचा वाटा सुमारे २२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांपर्यंत उतरला. मोफत मिळणारे धान्य या आकड्यात धरलेले नाही व सर्वेक्षणाची पद्धतही मध्यंतरी बदलली आहे. तरीही बदलाची दिशा स्पष्ट आहे. मात्र २०२३-२४ मध्येच पेये व तयार खाद्यपदार्थांचा वाटा सुमारे १० टक्के, म्हणजे तृणधान्यांच्या जवळजवळ दुप्पट होता. धान्यावरचा वाचलेला पैसा डाळ, भाजी व दूध यांकडे किती वळला आणि पुड्यांतील खाऊकडे किती, हा आजच्या आहारखर्चाचा कळीचा प्रश्न आहे.

वडूज परिसराची पार्श्वभूमी

वडूज हे खटाव तालुक्याचे मुख्य ठिकाण येरळा नदीकाठी वसले आहे. सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेस महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर पूर्वेकडील खटाव-माण हा भाग पर्जन्यछायेत येत असल्याने तेथे जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. खरिपात बाजरी, मूग, मटकी, घेवडा, हुलगा. रब्बीत ज्वारी, हरभरा व गहू. याशिवाय बटाटा व कांदा, अशी येथील पिकांची रचना राहिली आहे. उरमोडी व जिहे-कठापूर या योजनांचे पाणी तालुक्याच्या काही भागांत पोचू लागल्याने नगदी पिकांकडे ओढा वाढला आहे.

१९७२ च्या दुष्काळाची आठवण या परिसरात अद्याप पुसलेली नाही. परदेशातून आणलेली तांबडी मिलो ज्वारी आणि दुष्काळी कामांवर वाटली जाणारी सुकडी यांवर अनेक घरांनी दिवस काढले. सांगली जिल्ह्यातील वि. स. पागे यांनी पुरस्कारिलेली रोजगार हमीची कल्पना याच काळात राज्यभर रुजली. अवर्षणाच्या या अनुभवातून येथील गृहव्यवस्थापनाची एक विशिष्ट घडण झाली, ती समजून घेणे आवश्यक आहे.

बेगमी : वर्षाचे अंदाजपत्रक

नोकरदार कुटुंबाचे अंदाजपत्रक महिन्याचे असते; शेतकरी कुटुंबाचे पारंपरिक अंदाजपत्रक वर्षाचे होते. सुगी झाली की वर्षभराची ज्वारी-बाजरी कणगीत किंवा पेवात भरली जाई. कडधान्ये उन्हात खडखडीत वाळवून, राख चोळून किंवा लिंबाचा पाला घालून उतरंडीच्या मडक्यांत ठेवली जात. उन्हाळ्यात चटणी कुटून ठेवणे, सांडगे, कुरडया व पापड घालणे ही केवळ हौस नव्हती. पावसाळ्यात भाजी महाग व दुर्मीळ होते, त्या महिन्यांतील कोरड्यासाची ती आगाऊ तरतूद होती.

मोजमापाचीही एक शिस्त होती. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली, या मापांनी धान्य कणगीतून निघे. पायली किती दिवस पुरते हे घरातील कर्त्या स्त्रीला ठाऊक असे आणि कणगीचा तळ कधी दिसेल याचा अंदाज ती महिनेन् महिने आधी बांधू शके. लेखी हिशेब नसला तरी हे अंदाजपत्रकच होते. मापाचा हाच विचार पुढे छापील पाककृतींतही आला. आजच्या सांगली जिल्ह्यातील कुंडल येथे जन्मलेल्या कमलाबाई ओगले यांच्या १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘रुचिरा’ या पुस्तकात वाटी व चमचा हे प्रमाण वापरले आहे. घरातीलच भांडे माप म्हणून वापरले की पदार्थ बिघडत नाही. तसेच किती माणसांना किती शिधा लागला याचा हिशेबही आपोआप राहतो.

आजच्या गरजेचा ढोबळ हिशेब

राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांनुसार २००० किलोकॅलरीच्या दैनंदिन आहारात साधारणपणे २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी व कडधान्ये, ४०० ग्रॅम भाजीपाला, १०० ग्रॅम फळे, ३०० मिलिलिटर दूध आणि २७ ग्रॅम तेल-तूप असावे. लहान मुलांची गरज यापेक्षा कमी व शेतात श्रम करणाऱ्यांची अधिक असते. तथापि पाच माणसांच्या कुटुंबासाठी हे प्रमाण धरल्यास तीस दिवसांची गरज पुढीलप्रमाणे येते :

धान्य – ३७.५ किलो
डाळी व कडधान्ये – १२.७५ किलो
भाजीपाला – ६० किलो
फळे – १५ किलो
दूध – ४५ लिटर
तेल-तूप – सुमारे ४ किलो

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ अन्वये प्राधान्य गटातील शिधापत्रिकेवर दरमहा प्रत्येक व्यक्तीस ५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. पाच माणसांच्या घरास २५ किलो, म्हणजे धान्याच्या गरजेचा दोन तृतीयांश भाग यातून भागतो. डाळ, भाजी, फळे व दूध यांची गरज मात्र यातून जराही भागत नाही. पोट भरण्याचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला, पोषणाचा प्रश्न स्वयंपाकघरातच राहिला, असे या हिशेबावरून म्हणावे लागेल.

आणखी एक बाब लक्षात घेण्याजोगी आहे. शिधावाटप दुकानातून मुख्यतः गहू व तांदूळ येतो. त्यामुळे भाकरीची जागा चपाती व भाताने घेणे ओघानेच आले. १०० ग्रॅम बाजरीत सुमारे ६ मिलिग्रॅम लोह असते, तर पांढऱ्या तांदळात ते एक मिलिग्रॅमहूनही कमी असते. धान्य बदलले की ताटातील लोहही बदलते. पैशाच्या हिशेबात हा तोटा दिसत नाही.

कडधान्याचा पेच

वरील हिशेबानुसार पाच माणसांच्या घरास वर्षाला सुमारे १५० किलो डाळी-कडधान्ये लागतात. कोरडवाहू जमीन असलेल्या घरात मूग, मटकी, हुलगा शेतातच पिकतो. तरीही दिवाळीनंतर तेच घर किराणा दुकानातून पाव-पाव किलो डाळ विकत घेताना दिसते. यास गृहिणीचे अज्ञान कारणीभूत नाही. २०२४-२५ च्या हंगामात बाजरीचा हमीभाव क्विंटलला २,६२५ रुपये, तुरीचा ७,५५० रुपये, तर मुगाचा ८,६८२ रुपये होता. म्हणजे एक पोते मूग विकले की तीन पोती बाजरीहून अधिक रोकड हाती येते. मूग निघतो तो काळ गौरी-गणपतीचा. त्याच वेळी रब्बीच्या पेरणीची तयारी आणि उधारी चुकविण्याची निकड असते. अशा वेळी बाजरी घरात राहते व मूग बाजारात जातो.

दीड क्विंटल मूग घरी ठेवणे म्हणजे त्या हमीभावाने सुमारे १३,००० रुपयांची रोकड सोडणे होय. कोरडवाहू कुटुंबास हे सहसा परवडणारे नाही, हे प्रांजळपणे मान्य करावे लागेल. म्हणून ‘सर्व कडधान्य घरीच ठेवा’ हा उपदेश निरर्थक ठरतो. मध्यम मार्ग असा की, निम्मी गरज घरच्या धान्यातून भागवावी व त्यासाठी हुलगा, मटकी यांस प्राधान्य द्यावे. प्रथिनांच्या बाबतीत ही कडधान्ये कमी प्रतीची नाहीत. मूग, मटकी, हुलगा व तूरडाळ या सर्वांत दर १०० ग्रॅमला साधारण २० ते २३ ग्रॅम प्रथिने असतात. हुलग्याचे माडगे व शेंगोळे, मटकीची उसळ, मुगाच्या घुगऱ्या हे पदार्थ गरिबीची खूण मानून मागे पडले. वास्तविक ते या भूमीचे शहाणपण आहे. भाकरीतील प्रथिनांत लायसिन या घटकाची उणीव असते व कडधान्यात तो भरपूर असतो. म्हणून आमटी-भाकरी एकत्र खाल्ल्यास दोन्हींतील प्रथिनांचा शरीरास अधिक उपयोग होतो.

काटकसर कोणाच्या ताटात?

घराघरांतून आजही पुरुष व मुले आधी जेवतात आणि स्वयंपाक करणारी स्त्री शेवटी जेवते. भाकरी कमी पडली तर ती पुन्हा थापता येते. आमटी, उसळ किंवा दूध संपले तर संपले. उरलेल्या भाकरीबरोबर खर्डा, चटणी किंवा आमटीचे नुसते पाणी, असे तिचे जेवण होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. चौथ्या फेरीत (२०१५-१६) हे प्रमाण ४८ टक्के होते. रक्तक्षयाची कारणे अनेक असली तरी निकृष्ट आहार हे त्यांतील प्रमुख होय. घराचे अंदाजपत्रक जुळविणारी व्यक्तीच त्या अंदाजपत्रकातील तूट स्वतःच्या शरीरातून भरून काढते. ही काटकसर हिशेबात लिहिली जात नाही. ती पुढे दवाखान्याच्या खर्चात, थकव्यात व बाळंतपणातील धोक्यांत प्रकट होते.

नियोजनाची काही सूत्रे

वरील विवेचनाच्या आधारे या परिसरातील कुटुंबास उपयुक्त ठरतील अशी पुढील सूत्रे मांडता येतील.

१) वर्ष, आठवडा व दिवस असे तीन हिशेब वेगळे ठेवावेत. धान्य, कडधान्य, शेंगदाणे व चटणी यांची तरतूद सुगीत किंवा उन्हाळ्यात वर्षासाठी करावी. भाजीपाल्याची खरेदी आठवडी बाजारात करावी. सुटी व उधार खरेदी शक्य तितकी टाळावी. उधारीत भाव विचारला जात नाही व लहान पुडीचा किलोमागील दर नेहमी अधिक पडतो.

२) कडधान्याची विक्री करण्यापूर्वी घरचा वाटा मापून बाजूला काढावा. विकून उरेल ते घरी, हा क्रम उलटा करावा.

३) तेलाचे माप ठरवावे. महिन्याचे चार किलो तेल आठवड्यास सुमारे एक किलो या हिशेबाने वेगळ्या भांड्यात काढल्यास जास्तीचा वापर तत्काळ ध्यानी येतो.

४) पोषणमूल्य वाढविणाऱ्या बिनखर्चाच्या रीती पाळाव्यात. कडधान्ये भिजवून मोड आणल्यास ती लवकर शिजतात व त्यांतील क जीवनसत्त्व वाढते. जेवणात लिंबू, आवळा किंवा कच्चा टोमॅटो असल्यास भाकरी व पालेभाजीतील लोह शरीरात अधिक शोषले जाते. जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर लगेच घेतलेला चहा ते शोषण घटवितो. बाजरीचे पीठ लवकर कडू होत असल्याने दळण थोडे थोडे करावे, म्हणजे नासाडी टळते.

५) आमटी, उसळ व दूध यांच्या वाट्या जेवणास आरंभ होण्यापूर्वीच घरातील सर्व माणसांच्या संख्येइतक्या भराव्यात. यास एक पैसाही लागत नाही. परंतु तूट पडल्यास ती एकाच ताटात न पडता सर्वांत विभागली जाते.

६) बिस्किटे, कुरकुरे, शीतपेये यांचा खर्च ‘किरकोळ’ या सदरात न टाकता महिनाभर स्वतंत्र लिहावा. दररोज वीस रुपये म्हणजे महिन्यास सहाशे रुपये. या रकमेत आठवडी बाजारातील भाजीचा मोठा भाग बसतो.

निष्कर्ष

वडूज परिसरातील कौटुंबिक आहारव्यवस्था बेगमीकडून रोकडीकडे सरकली आहे. या स्थित्यंतराचे लाभ निश्चित आहेत. धान्याची भ्रांत मिटली व उपासमारीचे भय ओसरले. परंतु बेगमीबरोबर असलेली मोजमापाची शिस्त, स्थानिक कडधान्यांचा वापर व वर्षभराची दृष्टी क्षीण झाली. पेव व उतरंडीकडे परत जाणे शक्य नाही आणि त्याची आवश्यकताही नाही. आवश्यकता आहे ती त्या व्यवस्थेतील तत्त्व नव्या साधनांनिशी स्वीकारण्याची. पत्र्याची कोठी, वाटीचे माप आणि खर्चाची साधी वही एवढी सामग्री त्यास पुरेशी आहे. वहीतील जमाखर्चाचा मेळ बसला म्हणजे नियोजन यशस्वी झाले असे नव्हे. सर्वांत शेवटी जेवायला बसणाऱ्या स्त्रीच्या ताटात डाळीची पूर्ण वाटी आली, म्हणजेच त्या घराचे अंदाजपत्रक खऱ्या अर्थाने जुळले असे मानावे लागेल.