ग्रोची पत्रं माहेरी पोचत राहिली

कोशात ‘एस्टरविल’ शोधलं की बहुधा एक दगड सापडतो. 10 मे 1879 रोजी अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, या गावाच्या शिवारात आकाशातून धडाक्यानं एक उल्का फुटून पडली. सर्वांत मोठा तुकडा दोनशे किलोंच्या आसपास भरला आणि जमिनीत इतका खोल रुतला की विहिरीसारखा खड्डा खणून काढावा लागला. लोह आणि दगड एकत्र मिसळलेल्या या दुर्मीळ उल्केचे तुकडे आज लंडन आणि व्हिएन्नाच्या संग्रहालयांत आहेत. माझ्या मते मात्र या वस्तीतला मोठा चमत्कार उल्का पडायच्या आदल्याच वर्षी संपला होता. ती एक बाई होती, आणि तिच्यामागे उरली ती माहेरी धाडलेली पत्रं.

तिचं नाव ग्रो निल्सदातर, म्हणजे निल्सची मुलगी ग्रो. अमेरिकेत ती ग्रो स्वेंडसेन झाली. या आडनावाचा शब्दशः अर्थ ‘स्वेंडचा मुलगा’. स्वेंड हे तिच्या सासऱ्याचं नाव. नॉर्वेतल्या खेड्यात कुणी बाईला ‘अमक्याचा मुलगा’ म्हटलं असतं तर लोक हसले असते. नव्या देशात असली हजारो नावं कागदावर चढली आणि पुढं कुणाला हसूही येईना.

तिचं माहेर हालिंगडाल. दोन्ही बाजूंना डोंगर, मधून नदी आणि काठाला चिकटलेली चिंचोळी शेतं. नॉर्वेची जेमतेम तीन टक्के जमीन पिकाखाली येते, आणि वडिलोपार्जित शेतावर पहिला हक्क थोरल्याचा असे. धाकट्यांनी कूळ म्हणून राबायचं, नाहीतर गाव सोडायचं. 1825 ते 1925 या शंभर वर्षांत आठ लाखांहून अधिक नॉर्वेजियन उत्तर अमेरिकेत गेले, त्याचं बरंचसं कारण या हिशेबात आहे. ग्रो आणि तिचा नवरा ओले 1862 साली निघाले. ती तेव्हा विशी नुकतीच ओलांडलेली नवी नवरी होती. त्या काळी हे लोक बहुतेक शिडाच्या जहाजांनी कॅनडातल्या क्वेबेकला उतरत. समुद्रातच दीड-दोन महिने जायचे, आणि तिथून पुढं आगगाडी, बोट, बैलगाडी. पुढच्या वर्षी हे जोडपं एस्टरविलला पोचलं.

त्याच वर्षी, 1 जानेवारी 1863 ला, होमस्टेड कायदा लागू झाला होता. पाच वर्षं जमिनीवर राहायचं, घर बांधायचं, पीक काढायचं, एकूण अठरा डॉलरच्या आसपास फी भरायची, की 160 एकर आपले. अविवाहित बाईला किंवा विधवेला स्वतःच्या नावावर अर्ज करता येई. नवऱ्यासोबत नांदणाऱ्या बाईला मात्र ते दार बंद होतं. ती कितीही राबली तरी सातबारा म्हणावा असा कागद नवऱ्याचाच. परदेशी माणसाला आणखी एक अट होती. अमेरिकेचा नागरिक होण्याचा इरादा आधी लिहून द्यावा लागे. आणि 1863 च्याच मार्चमध्ये, देशात तेव्हा चाललेल्या यादवी युद्धासाठी सक्तीच्या सैन्यभरतीचा जो कायदा आला, त्यात असा इरादा नोंदवलेले परदेशीही धरले होते. एका सहीनं जमिनीची वाट मोकळी व्हायची आणि भरतीच्या यादीत नावही जायचं. ओलेला 1864 साली बोलावणं आलं. तो 1865 मध्ये परतेपर्यंत ग्रो लहान लेकरं, गुरं आणि ते शेत घेऊन एकटी राहिली.

ही जमीन रिकामी नव्हती, हेही सांगायला हवं. 1851 च्या करारांनी डाकोटा लोकांकडून हा टापू काढून घेतला गेला. ठरलेले पैसे वेळेवर मिळेनात, लोक उपाशी राहू लागले, तेव्हा 1862 च्या ऑगस्टमध्ये शेजारच्या मिनेसोटात उठाव झाला. 26 डिसेंबरला मँकाटो गावात 38 डाकोटा पुरुषांना एकाच वेळी फाशी दिलं. एस्टरविलमध्ये उठावाच्या धास्तीनं ‘फोर्ट डिफायन्स’ नावाची लाकडी गढी उभी राहिली. ग्रो तिथं आली ती या सगळ्याच्या पाठोपाठ.

प्रेअरी म्हणजे आपण समजतो तसं ‘माळरान’ नव्हे. आपला माळ उन्हाळ्यात करपतो, खडक उघडे पडतात. इथं पुरुषभर, कधी त्याहूनही उंच गवत, आणि त्याची मुळं जमिनीत तितकीच किंवा अधिक खोल. लाकडी नांगर त्या मुळांत अडकायचा, ओतीव लोखंडाच्या फाळाला चिकट काळी माती लडबडायची. 1837 साली जॉन डियर नावाच्या लोहारानं गुळगुळीत पोलादाचा फाळ केला तेव्हा कुठं ही जमीन फुटू लागली. शरद ऋतूत गवत वाळलं की वणव्याची भीती. त्यावरचा उपाय असा: घर आणि गंजी यांच्याभोवती नांगराची एक चौकट आखायची, काही हात सोडून बाहेरून दुसरी, आणि वारा पडलेला दिवस बघून मधलं गवत आपणच जाळून टाकायचं. ओली गोणपाटं हाताशी ठेवून बायकापोरं कडेनं उभी राहत. मग वणवा आला तरी त्या काळ्या पट्ट्यावर त्याला खायला काही उरत नसे.

ग्रोनं या सगळ्याबद्दल लिहिलं: साप, वादळं, वणवे. पण मला तिची घरकामाची तक्रार जास्त खरी वाटते. अमेरिकेतल्या बायकांना भरपूर सवड असते असं म्हणे नॉर्वेत बोललं जाई. तिला अशी एकही बाई भेटली नव्हती. स्वयंपाकीण, मोलकरीण आणि घरची कारभारीण या तिघींचं काम इथं एकटीच्या अंगावर, असा तिचा सूर. ती डोंगरातल्या दूधदुभत्याच्या संसारात वाढलेली. इथल्या उन्हाळ्यात दूध टिकेना. स्वयंपाकच नव्यानं शिकणं आलं. सणवार, आईची आठवण, पोरांची वाढ, हे सगळं ती पत्रांतून माहेरी पोचवत राहिली. स्वतः मात्र परत कधीच गेली नाही. आपल्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी होतं. तिची सगळीच समुद्रापार झाली.

1873 नंतर टोळधाड आली. रॉकी पर्वतातले हे टोळ ढगासारखे उतरत, उभं पीक संपवत, घामाचं मीठ मुरलेले अवजारांचे दांडेसुद्धा कुरतडत. शेतकरी पत्र्याच्या लांब पन्हाळीला डांबर फासून ती शेतातून ओढत, उडणारे टोळ त्यात चिकटत, आणि भरली की खरवडून जाळत. 1877 च्या एप्रिलमध्ये मिनेसोटाच्या गव्हर्नरनं टोळांपासून सुटका मागायला प्रार्थनेचा खास दिवस जाहीर केला. गंमत अशी, की हा टोळ 1902 नंतर जिवंत दिसलेलाच नाही. पर्वताच्या पायथ्याच्या ज्या नदीकाठी तो अंडी घाले, ते काठच नांगराखाली गेले म्हणून तो संपला असावा, असं बऱ्याच कीटकतज्ज्ञांचं मत आहे. प्रेअरीही गेली; आयोवात मूळ गवताळ जमिनीचा हजारावा भागसुद्धा उरलेला नाही.

सोळा वर्षांत ग्रोची दहा बाळंतपणं झाली. त्या काळी सुईण म्हणजे बहुधा शेजारीण आणि डॉक्टर अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. बाळंतपणात बायका किती जायच्या याचे धड आकडे अमेरिकेत खूप उशिरा ठेवले जाऊ लागले. 1915 मध्येसुद्धा दर लाख जन्मांमागे सहाशेच्या घरात माता दगावत. दहावं मूल झालं आणि 1878 मध्ये ग्रो गेली. चाळिशीही तिनं गाठली नव्हती.

नॉर्वेला कळवायचं काम ओलेकडे आलं. पुढं त्याचं मन एस्टरविलमध्ये रमेना, तेव्हा तो मुलांना घेऊन आणखी पश्चिमेला, डाकोटा प्रदेशात निघून गेला. पत्रं मात्र जपली गेली. मिनेसोटातल्या नॉर्थफील्ड इथल्या नॉर्वेजियन-अमेरिकन इतिहास मंडळानं 1950 साली ती इंग्रजीत छापली, आणि पुस्तकावर तिचं नाव आलं. नाव अर्थात ग्रो स्वेंडसेन.