घरातल्या संगणकांचा अबोला



एकाच घरात दोन संगणक असावेत, दोघांवरही इंटरनेट चालावे, आणि तरी एकावरची फाइल दुसऱ्यावर उघडू नये, हा अनुभव आपल्यापैकी पुष्कळांना असेल. अशा वेळी माणूस चिडून दिसेल ते बटण दाबत सुटतो. वास्तविक या अबोल्याची कारणे मोजकीच आहेत; ती क्रमाने पाहिली पाहिजेत. विंडोज असलेले संगणक उदाहरणासाठी घेऊ.

पहिले कारण वाटेचे. दोन्ही यंत्रे एकाच जाळ्यावर आहेत काय? एखादे पाहुण्यांसाठी राखलेल्या वाय-फायवर असेल, तर त्याला इंटरनेट मिळते, पण घरातली इतर यंत्रे बहुधा भेटत नाहीत. राउटर प्रत्येकाला एक अंकी पत्ता देतो. घरात तो पुष्कळदा १९२.१६८ ने सुरू होतो. यंत्र नावाने सापडत नसले आणि पत्त्याने सापडले, तर वाट ठीक आहे, केवळ नावाची ओळख पटत नाही, असे समजावे.

दुसरे कारण दाराचे. जाळे ‘सार्वजनिक’ म्हणून नोंदले गेले असेल, तर फायरवॉल फाइलींचे दार लावून घेते. घरच्या जाळ्याची नोंद ‘खाजगी’ करावी. फायरवॉलच बंद करू नये.

तिसरे कारण अधिकाराचे. फोल्डरला वाटणीची एक परवानगी असते आणि डिस्कवरची दुसरी. दोहोंत जी कडक, तीच चालते. शिवाय येथे पिन चालत नाही, खात्याचा पासवर्ड लागतो. आणि ज्या खात्याला पासवर्डच नाही, त्याला सहसा जाळ्यावरून प्रवेश मिळत नाही.

चौथे कारण भाषेचे. ही यंत्रे एसएमबी नावाच्या संकेतांनी बोलतात. त्याची पहिली आवृत्ती ऑक्टोबर २०१७ पासून विंडोज १० च्या नव्या प्रतींत आपोआप बसवली जात नाही. म्हणून जुनी साठवणपेटी अचानक मुकी होते. ‘ती आवृत्ती पुन्हा चालू करा’, असा सल्ला सर्रास मिळतो. पण मे २०१७ मध्ये वॉनाक्राय याच आवृत्तीच्या दोषातून यंत्रायंत्रांत शिरला, फाइलींना कुलूप घालून खंडणी मागू लागला आणि इंग्लंडातल्या रुग्णालयांचे कामही त्याने खोळंबवले. दोषावरील दुरुस्ती मार्चमध्येच निघाली होती. अनेकांनी ती बसवली नव्हती. तेव्हा पेटीचीच प्रणाली अद्ययावत करावी. ते शक्य नसेल, तर फाइली काढून घेऊन तिला निरोप द्यावा.

श्रोतेहो, यांतल्या पुष्कळ अडचणी म्हणजे बिघाड नव्हेत, राखण आहे. किल्ली सापडत नाही म्हणून कोणी घराची भिंत पाडत नाही. येथेही तेवढाच धीर धरावा.