सीपॅपचे पहिले आठवडे

झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्गाचा वरचा भाग पुन्हा पुन्हा अरुंद होणे किंवा पूर्ण मिटणे, या विकाराला वैद्यकात ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. श्वास अडला की रक्तातील प्राणवायूचे प्रमाण घसरते, मेंदू रुग्णाला क्षणभर जागे करतो आणि घसा मोकळा होतो. मात्र या जागेपणाची आठवण सकाळी बहुधा उरत नाही. उरतो तो दिवसभराचा थकवा, डोकेदुखी, कामात किंवा वाहन चालवताना येणारी डुलकी आणि घरच्यांनी केलेली घोरण्याची तक्रार. झोपेच्या तपासणीत श्वास किमान 10 सेकंद थांबल्याचे किंवा लक्षणीय मंदावल्याचे प्रसंग मोजतात आणि त्यांची तासाची सरासरी काढतात. प्रौढांमध्ये ही सरासरी 5 ते 15 असल्यास विकार सौम्य, 15 ते 30 असल्यास मध्यम आणि 30 किंवा त्याहून अधिक असल्यास तीव्र समजला जातो.

मध्यम व तीव्र विकारावर सर्वाधिक वापरला जाणारा उपचार म्हणजे सीपॅप, म्हणजेच श्वासमार्गात सतत थोडा जादा दाब टिकवून ठेवणारे यंत्र. ऑस्ट्रेलियातील सिडनी विद्यापीठाचे डॉ. कॉलिन सलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1981 साली ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात पाच रुग्णांवरील या उपचाराचा अहवाल प्रसिद्ध केला. त्याआधी तीव्र विकाराच्या रुग्णांसाठी गळ्याला छिद्र पाडून श्वासनलिका उघडी करण्याची शस्त्रक्रिया हाच खात्रीचा उपाय होता, हे लक्षात घेतले म्हणजे या शोधाचे मोल कळते. सीपॅपचे यंत्र खोलीतील साधी हवा गाळून, नळी व मास्कच्या वाटे घशापर्यंत पोचवते आणि ही हवा घशाच्या सैल भिंतींना आतून टेकू देते. ते प्राणवायू पुरवणारे यंत्र नव्हे आणि रुग्णाच्या वतीने श्वास घेणारा व्हेंटिलेटरही नव्हे. श्वास रुग्ण स्वतःच घेत असतो.

हा दाब पाण्याच्या स्तंभाच्या सेंटिमीटरमध्ये मोजतात आणि बहुतेक यंत्रांवर तो 4 ते 20 या मर्यादेत ठरवता येतो. समुद्रसपाटीला वातावरणाचा दाब सुमारे 1033 सेंटिमीटर असतो, त्यामुळे 10 सेंटिमीटरचा दाब म्हणजे त्यात केवळ एक टक्क्याच्या आसपास भर होय. तरीही आयुष्यभर विनासायास श्वास सोडणाऱ्या माणसाला समोरून येणाऱ्या हवेविरुद्ध श्वास सोडणे पहिल्या रात्री विचित्र वाटते, गुदमरल्याचा भासही होतो. यासाठी अनेक यंत्रांमध्ये सुरुवातीला दाब कमी ठेवून तो हळूहळू वाढवण्याची आणि श्वास सोडताना दाब किंचित उतरवण्याची सोय असते. दाब स्वतःच्या अंदाजाने बदलू नये. पोट फुगणे, ढेकर येणे अशी हवा गिळल्याची लक्षणे दिसली तरी दाबाचा फेरविचार डॉक्टरांकडूनच करून घ्यावा.

मास्कची निवड हा जुळवून घेण्यातील सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. केवळ नाक झाकणारा, नाकपुड्यांशी टेकणाऱ्या छोट्या उशांचा आणि नाक व तोंड दोन्ही झाकणारा असे त्याचे मुख्य प्रकार असून, चेहऱ्याची ठेवण, मिशा-दाढी आणि तोंडाने श्वास घेण्याची सवय पाहून त्यांतून निवड करावी लागते. कडेने हवा निसटू लागली की पट्टे करकचून आवळण्याकडे कल असतो. पण त्याने सिलिकॉनची गादी चेपली जाऊन हवा अधिकच निसटते आणि नाकाच्या दांड्यावर वळ उठतात. म्हणून मास्क आडवे झोपून, दाब चालू असताना बसवावा. चेहऱ्यावरचे तेल किंवा क्रीमही गादीची पकड ढिली करते, तेव्हा झोपण्यापूर्वी चेहरा धुवावा आणि गादी रोज सौम्य साबणाने स्वच्छ करावी. मास्कवरील बारीक छिद्रांतून मात्र सतत हवा बाहेर पडायलाच हवी, कारण उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड त्याच वाटेने जातो. ती छिद्रे बुजवणे किंवा पांघरुणाने झाकणे धोक्याचे आहे.

नाक व घसा कोरडा पडणे ही दुसरी नेहमीची तक्रार होय. यंत्राला जोडलेल्या ह्युमिडिफायरमध्ये डिस्टिल्ड पाणी भरून हवेला ओलावा देता येतो. कोकणातील पावसाळ्यात आणि विदर्भातील उन्हाळ्यात एकच मात्रा पुरेल असे नाही, म्हणून ऋतूनुसार ओलावा बदलावा लागतो. वातानुकूलित किंवा थंड खोलीत नळीत पाणी साचू लागल्यास ओलावा कमी करावा किंवा तापवता येणारी नळी वापरावी. नाक मुळातच चोंदलेले असेल, तर आधी त्यावर उपचार व्हायला हवेत.

काहींना मास्क चढवताच कोंडल्यासारखे होते. अशा रुग्णांनी दिवसा, जागेपणी, वाचताना किंवा दूरदर्शन पाहताना मास्क हातात धरावा, नंतर काही मिनिटे चेहऱ्यावर लावावा, मग यंत्र सुरू करून बसावे आणि सराव झाल्यावरच रात्रीचा वापर वाढवावा. दुपारच्या डुलकीलाही मास्क लावणे हा या सरावाचाच भाग मानावा.

किती वेळ वापर व्हावा, या प्रश्नाचे उत्तर ‘झोपेचा संपूर्ण वेळ’ हेच आहे. अमेरिकेतील मेडिकेअर योजनेने 70 टक्के रात्री किमान चार तास हा निकष ठेवला असला, तरी तो खर्चमंजुरीचा किमान उंबरठा आहे, उपचाराचे ध्येय नव्हे. स्वप्नांची झोप रात्रीच्या उत्तरार्धात अधिक असते आणि तिच्यात स्नायू सर्वाधिक शिथिल होतात, त्यामुळे पहाटे मास्क काढून ठेवणारा रुग्ण अनेकदा विकाराच्या सर्वांत तीव्र घटकेला उघडा पडतो. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या ‘सेव्ह’ या अभ्यासात हृदयविकार किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विकार असलेल्या 2717 रुग्णांमध्ये सीपॅपमुळे पुढील हृदयविकार किंवा पक्षाघात टळल्याचे दिसले नाही. मात्र त्यांतील सीपॅप वापरणाऱ्यांचा रोजचा सरासरी वापर सुमारे 3.3 तासच होता, आणि दिवसाची पेंग व मनःस्थिती यांत तेवढ्या वापरानेही सुधारणा झाली. यंत्रात साठणारी वापराची, निसटत्या हवेची आणि उरलेल्या श्वासरोधाची नोंद डॉक्टरांना नियमित दाखवल्यास उणिवा लवकर भरून काढता येतात.

‘एकदा लावले की सवय लागते’ ही भीती निराधार आहे. वापर थांबवल्यास मूळ विकार परत येतो, कारण सीपॅप श्वासमार्ग रात्रीपुरता उघडा ठेवतो, विकार मुळापासून काढत नाही. स्थूल व्यक्तींनी वजन घटवल्यास त्याची तीव्रता मात्र कमी होऊ शकते. वीज वारंवार जाणाऱ्या गावांत इन्व्हर्टर किंवा यंत्राला चालणारी बॅटरी आधीच जोडून ठेवावी. घरच्यांनीही मास्कची चेष्टा न करता पहिल्या आठवड्यांत धीर द्यावा, कारण बरेच रुग्ण याच काळात खचून यंत्र कपाटात ठेवतात. पहिल्या रात्रींच्या जवळजवळ प्रत्येक गैरसोयीवर दाब, मास्क किंवा ओलावा यांपैकी कशात तरी बदल करून मार्ग निघतो. म्हणून उपचार सोडण्याचा निर्णय घेण्यापूर्वी प्रत्येक रुग्णाने आपली तक्रार नेमक्या शब्दांत डॉक्टरांसमोर मांडावी.