अडगळीतला नरकासूर

गोव्यात दिवाळी सुरू होते ती एका राक्षसाला जाळून. आश्विन वद्य चतुर्दशीला पहाटेच्या अंधारात वाड्यावाड्यावरचे नरकासूर पेटतात. मग अभ्यंगस्नान, तुळशीपुढे पायाच्या अंगठ्याने फोडलेलं कडू कारीट आणि घरोघरचे फोव.

अलीकडे हे राक्षस फार मोठे झाले आहेत. लोखंडी सांगाडा, हलणारे हात, बक्षिसांच्या स्पर्धा, रात्रभर कानठळ्या बसवणारं संगीत. ते बघायला मीही जातो. पण त्यात लहान मुलांच्या हाताला काम उरत नाही. वर्गणी मागायची आणि फोटो काढायचा, एवढंच. म्हणून आम्ही शेजारपाजारची मुलं जमवून अंगणात माणसाच्या उंचीचा नरकासूर करतो, तोही दिवाळीच्या साफसफाईत निघालेल्या अडगळीतून. विकत आणतो ते सुतळी आणि मैदा.

नियम एकच: जळून ज्याची नुसती राख होते, तेच वापरायचं. थर्माकोल, प्लास्टिक, टायर, पॉलिस्टरचे कपडे बाद. थर्माकोलचा काळा धूर घशात जातो आणि पॉलिस्टर वितळून अंगावर ठिबकतं. तारा-खिळेही नकोत. राखेत राहिलेला खिळा दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी स्कूटरच्या चाकात सापडतो. आमच्या सॉफ्टवेअरच्या कामात एखादी गोष्ट उभी करतानाच ती पुढे काढायची कशी, याचा विचार करावा लागतो. इथेही तेच.

मुखवटा. सुकायला वेळ लागतो, म्हणून आठवडाभर आधी सुरुवात करा. जुनं मडकं पालथं घाला. रद्दीच्या कागदाचे तुकडे साध्या पाण्यात भिजवून त्यावर पहिला थर लावा. या थराला खळ लावायची नाही, म्हणजे मुखवटा सहज सुटतो. मग एक वाटी मैदा पाच वाट्या पाण्यात शिजवून खळ करा आणि कागदाचे आणखी पाच-सहा थर चढवा. अंड्यांचे कागदी ट्रे भिजवून, कुटून, त्याच खळीत मळले की लगदा तयार होतो. त्याच्या भुवया, नाक आणि गालावरचे फोड करा. हे फोड करायला मुलांची भांडणं होतात! दोन-तीन दिवस कडक ऊन दाखवा.

रंग. काळ्यासाठी कोळशाची पूड खळीत कालवा. लाल हवा असेल तर हळदीत चिमूटभर चुना घाला. पिवळ्याचा लाल होताना बघून मुलं थक्क होतात, आणि रसायनशास्त्राचा एक धडा फुकटात होतो. पण चुना मोठ्यांनीच हाताळावा. दात पुठ्ठ्याचे, जीभ जुन्या सुती ब्लाउजची, केस नारळाच्या काथ्याचे, डोळे भोक पाडलेल्या करवंट्यांचे.

धड. पाच-सहा फुटांची एक बांबूची काठी आणि तीन फुटांची दुसरी आडवी, सुतळीने फुलीत आवळून बांधा. उभी काठी फूटभर जमिनीत गाडा. सुती शर्ट-पँटची टोकं बांधून आत भाताचा पेंढा किंवा सुकी पानं ठासा. पोटासाठी तागाचं पोतं. फटाके आत भरू नका. ते कुठे उडतील याचा नेम नसतो.

भीती. खरी मजा इथे आहे. एक हात आडव्या काठीला न बांधता खांद्याला सैल लटकवा. मनगटाला दोरी बांधून ती डोक्यामागच्या लाकडी रिळावरून खिडकीपर्यंत न्या. रात्री कुणी फाटकातून आत आलं की दोरी ओढायची, हात वर! करवंटीमागे टॉर्च ठेवला की डोळे पेटतात. जाळण्याआधी टॉर्च मात्र आठवणीने काढा.

जाळायची जागा घर, झाडं, वाहनं आणि विजेच्या तारांपासून लांब असावी. जवळ वाळू आणि पाण्याच्या दोन बादल्या हव्यात. काडी मोठ्यांनीच लावायची.

शेजारची पहिलीतली मुलगी रस्त्यावरच्या मोठ्या नरकासुराला बघून आईच्या पदरात तोंड लपवायची. गेल्या वर्षी आमच्या राक्षसाचे दात तिने कापले. अंधारात हात वर गेला तेव्हा पाहुणे दचकले आणि ती मात्र खो खो हसत होती. आत पेंढा आहे, हे तिला ठाऊक होतं. पहाटे तो पेटल्यावर ती थोडी हिरमुसलीही. आजीने तिला तेल लावता लावता सांगितलं, "अगं, पुढच्या वर्षी परत करायचाच आहे."

गोव्याबाहेर असाल तरी ही कृती उपयोगी पडेल. बेळगावात ३१ डिसेंबरच्या रात्री जाळला जाणारा 'ओल्ड मॅन' किंवा इंदूरच्या गल्लीतला दसऱ्याचा छोटा रावण याच पद्धतीने उभा राहतो. रावणाला मुखवटे तेवढे दहा लागतील!

तेव्हा यंदा साफसफाईत निघालेली रद्दी, पोती, करवंट्या लगेच भंगारवाल्याला देऊ नका. आठवडाभर पडवीच्या कोपऱ्यात राहू द्या आणि मुलांना हाक मारा.